शमीमचा नंबर

हायकिंगला पुन्हा येतोस का विचारता ना, मग ऐका. मागच्या वेळी शारजातल्या त्या वाळूच्या खडकांवर चढायच्या आधी गाईडने फॉर्म दिला. इमर्जन्सी नंबर लिहा म्हणे. मी सवयीने बायकोचाच लिहिला. पठ्ठ्याने चेक करायला तिथेच रिंग दिली, आणि फोन माझ्याच बॅगेत वाजला. शमीमचा फोन मी अजून रोज चार्ज करून जवळ ठेवतो.

“सर, ये तो आपके पास है. मॅडम किधर है?”

“रमजान में गुजर गई.”

 तिचा नंबर खोडून त्याने स्वतःचा लिहिला आणि म्हणाला, “यल्ला, चलो.”

घरी येऊन बघितलं, तर तिच्या फोनवर एक मिस्ड कॉल. सहा महिन्यांत तिला आलेला एकच फोन, आणि तोही मी उचलला नाही.