भुऱ्याची साखळी

मृदंगवाले, जरा हात थांबवा. मंडळी, मला एक सांगा — कुत्रं चावतं, ते रक्तानं की संगतीनं? मागच्या रांगेतले आजोबा मान डोलवतायत. ती भक्ती की झोप, ते त्यांनाच ठाऊक! बरं, ऐका.

ठकूबाई नावाची मेंढपाळीण होती. तिच्या कुत्रीला दोन पिल्लं झाली, भुऱ्या आणि काजळ्या. मेंढपाळांची एक रीत असते — पिल्लू तान्हं असतानाच त्याला मेंढ्यांच्या उबेला निजवायचं. मग ते मेंढ्यांनाच आपलं गणगोत समजतं. काजळ्या तसा वाढला. लांडग्याला अंगावर घ्यायचा, पण कोकरानं कान चावला तरी गप्प!

भुऱ्याला मात्र डाळिंबाच्या बागेवाले दौलतराव मागून घेऊन गेले, राखणीला. ठकूबाईनं दिला खरा, पण जीव मागं राहिला. पिल्लांसाठी भाकरी मोडताना हात सवयीनं दोन तुकडे करायचा. एक तसाच उरायचा.

आणि दौलतरावांनी काय करावं? कुत्रं तिखट व्हावं म्हणून भाकरीला मिरचीचा ठेचा! दिवसभर अंधाऱ्या खोलीत साखळी, आणि जाता-येता काठीनं डिवचणं. हसताय काय? तुमच्याकडेही करतात हो! शेवटी भुऱ्या दौलतरावांच्याच हाताला कडकडून चावला.

"रक्तच वाईट याचं," ते म्हणाले. "आज विष घालतो."

नेमका त्याच दुपारी ठकूबाईचा कळप बागेजवळून चालला होता. कानावर पडलं तशी ती धावत आली.

"मालक, ह्यो काजळ्या बघा, त्याचाच सख्खा भाऊ. रक्त एकच हाय. दात माझ्याकडनं आलं, पर भ्या तुमच्याकडनं."

दौलतरावांनी साखळी सोडली. जमलेली माणसं मागं पळाली. भुऱ्या दात विचकून उभा — पण पाय थरथरत होते. ठकूबाई जवळ गेली नाही. मेंढ्यांना घालतात ती हाळी फक्त तिनं घातली, त्यानं तान्हेपणी ऐकलेली. भुऱ्याचे कान हलले. पोट घासत घासत तो गेला, आणि मेंढ्यांच्या मधोमध अंग टाकून निजला. ठकूबाई पदर तोंडाला लावून रडली.

पुढच्या साली कळप परत त्या वाटेनं आला, भुऱ्याही कळपासंगं. दौलतराव बांधावर उभे होते. हातात काठी नाही, साधी भाकरी. घरी आणताना भुऱ्या त्यांच्या उपरण्यात झोपला होता, ते त्यांना वर्षभर आठवत होतं.

"भुऱ्या," त्यांनी हळूच हाक मारली.

भुऱ्या थांबला. लांबून बघत राहिला. गुरगुरला नाही, पण आलाही नाही. कळप पुढं गेला. भाकरी हातातच राहिली.

मंडळी, प्रत्येक घरात असा एकजण असतो — "तो जन्मापासूनच तसला!" आज घरी गेल्यावर त्याच्या गळ्याकडं बघा, आणि साखळीचं दुसरं टोक कुणाच्या हातात आहे तेही बघा. सोडा ती. तो लगेच येणार नाही. तरी बांधावर उभे राहा. देव तरी दुसरं काय करतो? आपण लांबून दात विचकतो, आणि तो भाकरी घेऊन उभाच आहे.