थंड भट्टीचं माप

गव्हाणहून आलेली मंडळी, कारखान्यातले सहकारी, काकू. मला फार बोलता येणार नाही. आधी घडलं तेवढंच सांगते.

एक. सोमवारी सकाळी भट्टी थंड असताना मी तिच्यातल्या तारांभोवतीच्या सिरॅमिक नळ्यांचा विद्युतरोध मोजला. उत्तम आला. भट्टी सुरक्षित आहे, अशी मी सही केली.

दोन. दुपारी भट्टी हजार अंशांवर गेली.

तीन. आतलं तापमान मोजणाऱ्या तारेचं बाहेरचं टोक सैल झालं. नामदेवकाकांनी ते हाताने धरलं.

चार. त्या तारेत वीज उतरली होती. काका गेले.

थंड सिरॅमिक वीज अडवतं. तेच लाल तापलं की वीज झिरपू देतं. धातूचं उलट; तो तापला की जास्त अडवतो. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी हे काकांना समजावलं, तेव्हा ते हसले होते. "म्हंजे तार तापली का हट्टी, न नली तापली का ढिली. ताय, यो आमाला हातानं ठाव हाय. थंड भट्टी गाय हाय गो. तापल्याव माप."

तापल्यावर माप. बावीस वर्षं काकांनी तेच केलं. टेस्टर लावल्याशिवाय तापल्या भट्टीच्या एकाही तारेला ते शिवले नाहीत. आम्ही चेष्टा करायचो, "काका, भट्टीची नाडी बघून झाली का?"

मग सोमवारी का नाही बघितली?

कारण त्यांनी टेस्टर काढला तेव्हा मी म्हणाले, "काका, राहू द्या. मी सकाळी मोजलंय." घाई होती. माल थांबला होता. त्यांनी टेस्टर खिशात ठेवला. म्हणाले, "इंजिनेर पोरीनं मापलाय, मंग आमी कशाला?"

काकू, हे तुम्हाला घरी येऊन सांगायला हवं होतं. दोनदा दारापर्यंत आले. कडी वाजवता आली नाही.

मला माहीत होतं. पुस्तकातून माहीत होतं. काकांकडूनही माहीत होतं. तरी मी थंड भट्टीच्या मापावर विसंबले. आणि ते माझ्यावर.

कारखान्याच्या अपघात-अहवालात लिहिलंय, 'कामगाराचा निष्काळजीपणा'. हे खोटं आहे. काकांइतका काळजी घेणारा माणूस मी पाहिलेला नाही.

आता आपण दोन मिनिटं शांत उभं राहू. त्याआधी एकच.

मॅनेजरसाहेब, तुम्ही मागच्या रांगेत आहात. माझं सहीचं निवेदन सकाळीच तुमच्या टेबलावर ठेवलंय. अहवालातलं ते वाक्य काढून तिथे माझी चूक लिहिणार की नाही, ते काकूंना आणि मला शुक्रवारी संध्याकाळपर्यंत लेखी कळवा.