मी, बाहुल्याचे पाय

नाही, पण मला सांगा, आजवर एखादं नाटक बघून तुम्ही म्हणालात का, की वा, काय पाय होते! नाही ना? चेहरा बघता, हात बघता, फार तर कपडे बघता... आणि इथे मी पाऊण तास गुडघ्यांवर, अंगभर काळे कपडे, तोंडावर काळी जाळी, घाम नाकावरून ओघळतोय आणि पुसायला हात मोकळा नाही, कारण दोन हातांत दोन पाय! माझे नव्हेत हो, बाहुल्याचे. मी कोण? पाय!

तुम्हाला सांगतो, हे सगळं आमच्या मुलीचं खूळ. बाहुल्यांचं प्रायोगिक नाटक. प्रायोगिक म्हणजे काय, तर खुर्च्या चाळीस, माणसं तेवीस, आणि संपलं तरी घरी सोडत नाहीत, चर्चा असते! बाहुल्या म्हटल्यावर कुणी बिचारा नातवाला घेऊन येतो. बाहुला काय करतो? खुर्चीत बसतो. दहा मिनिटं! नातू विचारतो, "आजोबा, हा बिघडलाय का?" आजोबा म्हणतात, "श्श, समाज दाखवतायत."

बाहुला एक, त्याला हलवणारी माणसं तीन. डोकं आणि उजवा हात मुलीकडे. डावा हात एका दातांच्या डॉक्टरांकडे... अगदी सज्जन माणूस, पण सवय जाते का? बाहुल्याचा हात सारखा कुणाच्या तरी तोंडाकडे! आणि पाय धरणाऱ्या बाईंचा नेमका स्वतःचाच पाय मुरगळला, तेव्हा मुलीने आईला फोन केला, "बाबांना विचार." आईला! कारण चार वर्षं आमचं असंच चाललेलं. पोरीने चांगली नोकरी सोडून बाहुल्या धरल्या, मी म्हटलं, "या घरात बाहुल्या नकोत," ती म्हणाली, "बरं," आणि दुसरीकडे राहायला गेली. त्या 'बरं'नंतर 'तब्येत कशी आहे'सुद्धा आईमार्फत!

आता मी गाडी शिकवणारा माणूस. एकतीस वर्षं. शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असतो, माहितीये ना? शिकणारा जरा सुटला की मी दाबलाच! तालमीत मुलगी म्हणाली, "बाबा, आधी श्वास. डोकं श्वास घेईल, मग हात, मग पाय." मी म्हटलं, "आधी क्लच." ती म्हणाली, "बाबा..." मी घेतला श्वास. बोलून उपयोग काय? मी कोण? पाय!

आणि गोष्ट ऐकाल तर! एक बाप. मुलगी घर सोडून गेलेली. बाप तिच्या दारापर्यंत येतो, दहा आकडे मोजेपर्यंत उभा राहतो, आणि आल्या पावली परत फिरतो. पुढे वीस मिनिटं नुसता एकटेपणा. मी विचारलं, "हे कुणावरून लिहिलंस गं?" म्हणते, "असे पुष्कळ बाप असतात, बाबा." असतील! पण चार वर्षांपूर्वी तिच्या पहिल्या नाटकाला तिकीट काढून, दारातल्या पडद्यापर्यंत जाऊन, आत न शिरता घरी आलेले किती? मी आलो होतो. बायकोला सांगितलं, टायर पंक्चर झालं. कुणाला पत्ता नाही असं आपलं मला वाटत होतं, तर पोर शांतपणे सुतळी तोडत म्हणाली, "पडद्याखालून पाय दिसत होते बाबा. उजवा सारखा ब्रेक दाबत होता."

चुकलं म्हणायचं होतं, अगदी जिभेवर आलं होतं... पण तेवढ्यात डॉक्टरांनी चहा आणला.

पाय म्हणून पहिले दोन प्रयोग मी शिस्तीत परत फिरलो. तिसऱ्याला दारात उभा राहिलो, सात... आठ... नऊ... आणि तुम्हाला सांगतो, पाय वळेचनात! दार सताड उघडं. आत नाटकातल्या मुलीची बाहुली पाठमोरी बसवलेली. मी टाकलं पाऊल पुढे! जाळीआडून मुलगी, "बाबा, मागे!" डॉक्टर, "मागे म्हणजे नेमकं कुणी?" आणि त्यांनी घाबरून डावा हात बाहेरच धरून ठेवला. बाप आत, हात बाहेर, खांद्यातून कापूस दिसायला लागला! पण डोकं कितीही शहाणं असलं ना, पाय निघाले की त्याला यावंच लागतं. दुसरं पाऊल... तिसरं... आणि माझ्या कानाशी एक लांब श्वास ऐकू आला. बाहुल्याचं डोकं झुकलं, उजवा हात उठला आणि त्या बाहुलीच्या केसांवरून हळूच फिरला. हे मी नाही केलं हो. मी कोण? पाय! हे पोरीने केलं. मला जाळीतून काही दिसेना. घाम म्हणा हवं तर, पण मी रडत होतो.

नाटक वीस मिनिटं आधीच संपलं! दिवेवाल्याने गडबडून सगळे दिवे लावले. चर्चेत एक जाड चष्म्याचे गृहस्थ उठले, "शेवट भाबडा वाटला. प्रत्यक्षात असे बाप येत नाहीत." आणि मी त्यांच्यापासून दोन हातांवर गुडघे चोळत बसलेला!

मग बाहुला पेटीत ठेवताना मी म्हटलं, "चुकलं माझं."

"आजचं की चार वर्षांपूर्वीचं?"

"दोन्ही."

पोरीने माझी जाळी वर केली, आपल्या ओढणीने माझं नाक पुसलं आणि म्हणाली, "रविवारी घरी जेवायला या, आईला घेऊन. पण शनिवारी दारातून परत फिरायचं हं. नाटक तसं लिहिलंय."

म्हणजे बघा! चूक केली आयुष्यात एकदा, चार वर्षांनी का होईना, सुधारली... आणि आता दर शनिवारी तीच चूक पुन्हा करायची, लोकांसमोर, दहा आकडे मोजून. काल ती केली, तर पेटी बंद करता करता म्हणते कशी, "बाबा, जरा मनापासून चुका!"