पाचवा उद्गार

अगं नाही, नाही — इथं नाही प्यायचं, नम्रता. भांडं घे आणि आत ये, ओट्यापाशी. हां, इथं उभी राहा. तुला काय माहीत म्हणा, पाहुण्याला पाणी बाहेरच देतात सगळीकडं, पण आमच्या बाहेरच्या खोलीत ह्यांचा पलंग आहे ना — त्यांच्यासमोर कुणी पाणी पीत नाही. का म्हणजे? बघतात. पिणाऱ्याच्या गळ्याकडं बघत राहतात. अर्धांगवायूनं घसा गेला त्यांचा, गिळता येत नाही, घोटभर पाणीसुद्धा सरळ छातीत उतरतं. पेज, डाळीचं पाणी, औषधं, सगळं नाकातल्या नळीनं. पोटाला पाणी मिळतं गं — जिभेला नाही मिळत. जिभेला कोण समजावणार? डेपोत बस लावून आले की उभ्यानं तांब्या रिकामा करणारा माणूस तो. आता मी कापसाचा बोळा ओला करते आणि ओठांवरून फिरवते. झालं पाणी.

तर पाळकसाहेबांनी पाठवलं तुला. उत्तम शुक्रवार, देवळात बारा ते तीन, येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार, सात माणसं बोलणार — आणि मला सातवा. आत्मा बापाच्या हाती सोपवायचा तो. हे डोकं कुणाचं? कमिटीचं ना? वाटलंच. म्हणाले असतील, प्रमिलाकाकूंनाच शोभेल, काकूंनी किती शांतपणे स्वीकारलंय, डोळ्यात टिपूस नाही! अगं, रडू येत नाही, एवढंच आहे ते. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात बघ, मग गाल आपला वाटत नाही — चिमटा काढला तरी कळत नाही — तसं. त्याला तुम्ही विश्वास म्हणता. म्हणा बापडे. मी सकाळी उठते, त्यांना कुशीवर वळवते, पाठ पुसते, बायबल उघडते, मिटते. प्रार्थनेला ओठ हलतात. सवयीनं हलतात.

मला पाचवा दे. तहानेचा. तो कुणाला नकोच असतो, दरवर्षी कुणातरी नवख्याच्या गळ्यात मारता तुम्ही. बोलायला काय आहे त्यात — तहान लागली, संपलं. मग तो बिचारा आत्मिक तहान, आत्मिक तहान करत वेळ भरतो. आत्मिक नव्हती गं! घशाची होती. उन्हात टांगलेल्या माणसाची. खिळे सोसले, थुंकी सोसली, आणि तरी शेवटी मागितलंच ना त्यानं? मागितल्यानं त्याचं सोसणं कमी झालं का? नाही झालं. आपल्याकडं मात्र स्वीकारलं म्हणजे तोंड मिटलं. तोंड मिटलं की आपण खूश.

हे मागायचे आधी. 'पा' एवढंच यायचं तोंडातून. दिवसभर पा, पा. मी म्हणायचे, नाही हो, डॉक्टर रागावतील — जसं काही डॉक्टर दाराआडच उभे आहेत. आणि मग त्या रविवारी, तुम्ही सगळे उपासनेत होता तेव्हा, मी भांडं भरलं. हो, माठातलं, काठोकाठ. काय होईल ते मला ठाऊक होतं, डॉक्टरांनी चित्र काढून दाखवलं होतं. दया आली म्हणून भरलं की सुटका हवी म्हणून — आणि कुणाची सुटका — ते विचारू नकोस. हात कापला नाही माझा, त्याचीच भीती वाटते मला अजून. भांडं ओठांपाशी नेलं. त्यांनी भांड्याकडं बघितलंच नाही. माझ्याकडं बघितलं. बघत राहिले. आणि तोंड मिटून घेतलं, चालते तेवढी बाजू घट्ट आवळून.

तेव्हापासून मागत नाहीत. बोळा फिरवला तर फिरवू देतात. परवा पाळकसाहेब येऊन म्हणाले, शांतवनराव किती शांत झालेत, स्वीकारलंय त्यांनी. मी म्हटलं, हो, चहा आत घ्या. काय सांगणार? की माझ्यामुळं सोडलं त्यांनी मागायचं? बरे होऊ देत म्हणणं मी कधीच थांबवलंय. आता एकच मागणं — एकदा मागू देत त्यांना. देता येणार नाही, ठाऊक आहे. तरी मागू देत. माझी भीती नको वाटू दे.

नाही गं, हे नाही बोलणार देवळात. त्या शिपायाचं बोलेन — आंबेत, त्या आंबट द्राक्षारसात बुडवलेला स्पंज काठीवर धरून ज्यानं वर केला त्याचं. नावसुद्धा नाही त्याचं कुठं. खाली उतरवणं त्याच्या हातात नव्हतं, जे होतं ते ओठांना लावलं. एवढंच बोलेन आणि खाली बसेन. वेळ उरला तर उरला, एखादं गीत जास्तीचं म्हणा.

आता तू कशाला रडतेस? पूस डोळे. आणि ते पाणी तसंच धरून उभी आहेस केव्हाची. पी की. नाही जात घशाखाली? बरं, ओत मग तिथं बेसिनमध्ये — अगं हळू, एवढ्या उंचावरून नको, आवाज जातो बाहेर —

थांब. काही बोलू नकोस.

पुन्हा. ऐकलंस? पा म्हणाले.

आले हो, आले... कापूस त्या डब्यात — राहू दे, मी घेते. तू ये आता, नम्रता. पाचवा म्हणून सांग त्यांना. आणि जाताना दार ओढून घे.