गोठ्याच्या दारातला माग

बायांनो, माझ्या रागाचं काय विचारता! निजामाच्या राज्यातली गोष्ट, हिंगोलीजवळच्या गोरेगावातली. आमच्या घरी घोंगड्या विणायचे, पण विणणारा ज्यात पाय सोडून बसतो, त्या मागाच्या खड्ड्यात बाईनं उतरायचं न्हाई. लोकर आमी कातायची, विणायचं गडीमाणसांनी. हिंगोलीत मी एका गालिचेवाल्याकडं उभा माग पाहिला. भिंतीला टेकवलेली लाकडी चौकट, खड्डाच नको! मग वडलांकडून सागवान आणलं आणि सुताराकडून तसाच माग करून घेतला.

सकाळी माग घरी आला आणि मी धुणं घेऊन विहिरीवर गेले. परत येते तर माग गायब! धाकट्या दिरानं तो गोठ्याच्या दाराला बसवून दगडमातीनं पक्का केला होता.

"भावजी, हे काय केलं तुमी?"

"चौकटच तर हाय. दाराला बराबर बसली."

"माझा माग हाय तो!"

"बाईला माग काहून पायजे?"

सासरे हसले. नवरा खाली बघत राहिला. माझं डोकं असं भणाणलं! कातलेली लोकर आणली, त्याच दारात वरपासून खालपर्यंत उभ्या धाग्यांचा ताणा घट्ट बांधला आणि तिथंच विणायला बसले.

दिवेलागणीला गुरं आली. दीर ओरडला, "वैनी, उठा! गुरं आत कशी जातील?"

मान वर न करता म्हणलं, "घोंगडी झाल्यावर."

रातभर गुरं अंगणात हंबरली. सकाळी दिरानं पहारीनं चौकट उपटली आणि ताण्यासकट माझ्या खोलीत आणून टेकवली. मी तिथं बसले आणि राहिलेली घोंगडी विणायला घेतली.