पाच तारखेचे सातशे

...आणि वर मलाच म्हणतात, ‘किती संशयी गं तू!’ मी? संशयी? तुम्हाला सांगते, माझ्या खात्यातून दर महिन्याच्या पाच तारखेला कुणीतरी सातशे काढतंय, एकदा नाही, दोनदा नाही, तब्बल आठ महिने, आणि मी काय आरती ओवाळू त्याला? मी संशय घेत नाही. मी फक्त विचारते!

आता हे पैसे म्हणजे काय वडिलोपार्जित आहेत का? दर शनिवार-रविवार चष्म्याच्या दुकानात उभी असते मी, लोकांच्या नाकावर फ्रेमा चढवत. ‘ही जरा रुंद नाही का वाटत?’ अहो, फ्रेम नाही, चेहरा रुंद आहे! पण बोलायची सोय नाही, हसायचं. अशी हसून हसून मी बारा हजार साठवले, कारण शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट महिन्यावर आलाय, कॉलेजची लॅब पाचच्या ठोक्याला बंद होते आणि एका दुकानदाराने माझ्यासाठी बरोबर बारा हजारांचा एक जुना लॅपटॉप बाजूला ठेवलाय. फक्त शनिवारपर्यंत! ‘शनिवारनंतर मी ओळखत नाही हं तुम्हाला,’ असं तोंडावर म्हणाला तो.

म्हणून मंगळवारी मी पहिल्यांदा बँकेतली शिल्लक बघितली. पहिल्यांदाच का? अहो, माझ्या वहीत सगळा हिशोब चोख होता ना! कॉलेजात पैशाच्या व्यवस्थापनाचं वर्कशॉप झालं होतं, गेल्या वर्षी. एक टायवाले सर आले होते, दर वाक्याला टाय सरळ करायचे. ‘मुलांनो, पै-पै लिहून ठेवा! आणि पैशाच्या बाबतीत विश्वास...’ टाय. ‘...कुणावरही ठेवू नका!’ हे मात्र मला मनापासून पटलं. तेव्हापासून लिहितेय. चहा लिहिलाय, झेरॉक्स लिहिलीय, मैत्रिणीने घेतलेलं आणि ‘देते गं’ म्हणून न दिलेलं सुटं नाणंसुद्धा लिहिलंय. वहीत बारा हजार. बँकेत? सहा हजार चारशे!

घेतलं पेन, उघडलं वहीचं शेवटचं पान आणि लिहिलं: संशयित. म्हणजे... संशयित नाही हो, विचारायची माणसं.

क्रमांक एक, बाबा. का? कारण खातं उघडलं तेव्हा मी शाळेत होते, म्हणून बँकेचे मेसेज अजून त्यांच्याच फोनवर जातात! बाबा प्लंबर आहेत. मी गेले तेव्हा मोरीतल्या नळाखाली आडवे पडले होते, नुसते पाय बाहेर. मी त्या पायांना विचारलं, “बाबा, दर पाच तारखेला माझे सातशे जातात, हे तुम्हाला माहीत होतं?”

आतून आवाज, “हो. मेसेज यायचा की.”

“आणि तुम्ही बोलला नाहीत?”

“मुलगी मोठी झाली. कमावते. कुठे खर्च करतेस ते काय विचारायचं?”

ऐकलंत? इतर वेळी ‘कुठे चाललीस, कोण कोण आहे, कधी येणार’! आणि सातशे गेले तेव्हा एकदम मुलगी मोठी झाली! तुम्हीच सांगा, हे संशयास्पद नाही? मग पान्याने नळ पिळता पिळता म्हणतात, “हे बघ, गळती शोधायची तर आधी आपल्या घरातले सगळे नळ बंद करायचे, मग मीटर बघायचा, आणि मग शेजाऱ्याशी भांडायचं. लोक उलटं करतात.”

या मोठ्या माणसांना साधा प्रश्न विचारा, उत्तर म्हणून सुविचार देतात!

क्रमांक दोन, आत्या. कारण कार्डाचा पिन तिला माहीत आहे. माहीत कसा? मीच सांगितला होता, मला ताप आला होता तेव्हा. आत्या उसळलीच. “मी? तुझे पैसे? अगं, मला माझा चष्मा डोक्यावर असताना सापडत नाही, मी तुझं खातं कुठे शोधू? आमच्या वेळी पैसे डब्यात असायचे, डबा फळीवर असायचा, आणि फळीवर हात पुरेल एवढं उंच घरात कुणी नव्हतं!”

“आत्या, मी संशय घेत नाही, मी फक्त विचारते...”

“मग विचारताना लिहितेस काय?”

माझी वही बघितली तिने. तिचं नाव, त्यापुढे प्रश्नचिन्ह. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. म्हणजे बोलते, पण भिंतीकडे बघून. “कुणाला पोळी हवी असेल तर पोलिसांना बोलावून मोजून घ्या म्हणावं!”

राहिली बँक. गुरुवारी कॉलेज बुडवून गेले. काउंटरवर एक बाई, दोरीला बांधलेला चष्मा, पुढे माझ्यासारखेच वैतागलेले अकरा जण. नंबर आला. मी वही आपटली. “मॅडम, तुमच्या बँकेतून माझे पैसे चोरीला जातायत! आठ महिने! आणि मी संशय घेत नाही, पण हे आतल्या माणसाशिवाय होऊच शकत नाही!”

बाईंनी शांतपणे चष्मा चढवला, पडद्यात बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या हाताकडे. “हे पेन तुम्हाला कुठे मिळालं हो?”

पेन? पेनाचं काय? निळं पेन, त्यावर बँकेचं नाव... वर्कशॉपमध्ये मिळालं होतं. टायवाले सर म्हणाले होते, ‘फॉर्म भरणाऱ्याला पेन मोफत!’

“तोच फॉर्म,” बाई म्हणाल्या. “दर पाच तारखेला सातशे, तुमच्या खात्यातून तुमच्याच बचत ठेवीत. चार ठिकाणी सह्या आहेत तुमच्या. सुरेख सही आहे.” आणि मागे वळून शेजारच्या टेबलाला सांगतात, “आतलाच माणूस निघाला हो!”

मागची अख्खी रांग हसली. अहो, हसायचं काय त्यात? फुकट पेन बघून तुम्ही नसती केली सही?

“मग द्या ना माझे पाच हजार सहाशे!”

“देते की. मुदत तीन वर्षं. आधी मोडलीत तर दंड, आणि पैसे यायला पंधरा दिवस.”

पंधरा दिवस! शनिवार परवावर! तुम्हाला सांगते, स्वतःचे पैसे स्वतःच लपवून, स्वतःलाच मिळू नयेत अशी सोय करणारी मुलगी या पृथ्वीवर मी एकटीच असेन!

घरी आले. बाबांना सांगितलं. म्हटलं, आता मीटरवर प्रवचन होणार. नाही. उठले, हत्यारांच्या पिशवीतून एक पाकीट काढलं, पाच हजार सहाशे मोजले, समोर ठेवले. मला तर रडूच आलं हो! हात पुढे केला... तर त्यांनी पैशांवर तळहात ठेवला.

“मी संशय घेत नाही गं,” बाबा म्हणाले, “मी फक्त विचारतो. परत कधी देणार?”

भिंतीकडे बघणारी आत्या एकदम माझ्याकडे बघून फिदीफिदी हसली!

बाबांनी पाकिटाच्या मागे काहीतरी लिहिलं, माझ्याच पेनाने, आणि पुढे सरकवलं. “सही कर. पण या वेळी आधी वाच.”

वाचलं. चार वेळा वाचलं. एकच ओळ होती: दर महिन्याच्या पाच तारखेला, सातशे.

लॅपटॉप आलाय. आता दर पाच तारखेला माझे चौदाशे जातात. पण कुठे जातात, ते मात्र मला पक्कं माहीत असतं... यालाच म्हणे पैशाचं व्यवस्थापन म्हणतात!