तिसरा वीजपंख

वेलचेरीच्या दातांच्या दवाखान्यात अनिकेत नंबरची वाट पाहत बसला होता. चेन्नईत वर्ष झालं तरी मराठी कधी कानावर पडली नव्हती. आज मागच्या बाकावरून पडली, पिढ्यान्पिढ्या इथंच राहिलेल्यांची, अगदी तमिळ हेल काढलेली. एक आजोबा होते, आणि वीजपंख नावाच्या उडणाऱ्या नायकाचं कॉमिक वाचणारी दहाएक वर्षांची नात.

"हा वीजपंख वेगळा दिसतोय की, श्रीनिधी. आधीचा जाडा होता."

"तो मेला, तात्ता. मग एका नर्सनं त्याचा मुखवटा घातला. आता हा तिसरा, बस कंडक्टर."

"लोकांना चालतो?"

"आधी नाही चालला. पहिल्याच दिवशी पाण्याच्या टाकीवर आपटला. सगळे हसले."

"मग उडायला कोणी शिकवलं?"

"पहिल्याच्या मुलीनं. तिला सगळं ठाऊक होतं."

"बरी पोरगी."

"हं."

"तुझी नवी अम्मा काल विचारत होती, नवरात्रात बाहुल्या कशा मांडतात म्हणून. त्यांच्या पुण्याकडे नसतं हे."

"चित्रा आंटी म्हणा. अम्मा बाहुल्यांच्या नऊ पायऱ्या मांडायची."

"होय की. पण बाहुल्यांच्या पेटीची किल्लीच सापडत नाही म्हणे."

"त्यांना एक पायरीसुद्धा जमणार नाही, तात्ता."

"नाही जमणार. पहिल्या दिवशी तीही आपटेल."

आतून चित्रा आली. दात काढल्यामुळे तोंडात कापसाचा बोळा होता.

पोरीनं कॉमिक मिटलं आणि दप्तरातल्या कंपासपेटीतून किल्ली काढली.

"बोलू नका, नुसतं ऐका. लाकडी राजाराणी सगळ्यात आधी ठेवायचे. ते अम्मा ठेवायची. ते तुम्ही ठेवा, बाकीचं मी सांगते."